बाबा गप्प झालेत, नावं विसरतात: म्हातारपणी डिमेन्शियाचा आणि मनाच्या आजारांचा धोका नक्की कशाकशात असतो?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्यात नोकरी करतात, वय ४३. आई ६८, वडील ७४, दोघंच मिरजेला राहतात. वडिलांच्या आईला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. आता वडील वर्षभर गप्प गप्प असतात, नावं विसरतात, संध्याकाळचं बाहेर जाणं बंद केलंय, आई सारखी चिडचिड करते. तर डिमेन्शिया (विसरणं वाढत जाऊन रोजचं जगणंच जमेनासं होणं) आणि बाकीचे मानसिक त्रास म्हातारपणी कशाकशामुळे होतात, अक्रोड, ब्राह्मी, सुडोकूचा काही उपयोग होतो का, आणि "हे पुढे मलाही होणार का?" असं विचारलंय. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावात प्रॅक्टिस करतो, माझ्याकडे येणाऱ्यांत साठीच्या पुढचे बरेच असतात. उत्तर लांबलंय, सावकाश वाचा.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण झोप खरी त्यानेच उडालेली असते आणि बाकीचे प्रश्न त्याच्या आडून येतात. आजीला झालं म्हणून तुम्हाला होणारच असं अजिबात नाही. आईबापांकडून सरळ मुलांत उतरणारा अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) असतो, पण तो फार मोजक्या घरांत, शंभर पेशंटमागे एकापेक्षाही कमी, आणि तो बहुतेकदा साठीच्या आधीच सुरू होतो. आजीचं सगळं ऐंशीच्या पुढे सुरू झालं असेल तर त्यात रक्तापेक्षा वयाचा वाटा मोठा, पासष्टीनंतर दर पाचेक वर्षांनी हा धोका साधारण दुप्पट होत जातो. एपीओई नावाच्या जीनचा ई-४ हा प्रकार अंगात असला तर धोका वाढतो हे खरं, एक प्रत असेल तर दोन-तीन पट, दोन्ही असतील तर परदेशातल्या अभ्यासांत आठ ते बारा पट, पण ई-४ असून नव्वदीपर्यंत ठणठणीत असलेली माणसं आहेत आणि नसतानाही आजार झालेली भरपूर आहेत. हल्ली काही लॅबवाले पॅकेजमध्ये ही टेस्ट घालून विकतात. करू नका. रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही वेगळं काय करणार, बीपी आटोक्यात ठेवायचं ते तसंही ठेवायचंच आहे, फक्त पुढची तीस वर्षं किल्ली सापडली नाही की पोटात गोळा येत राहील.

आता मुख्य मुद्दा. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांच्या कमिशनने जो रिपोर्ट काढला त्यात बदलता येतील असे १४ धोके मोजलेत, २०१७ मध्ये ते ९ होते, २०२० मध्ये १२ झाले, आता त्यात वाढलेलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि उपचार न केलेली कमी नजर हे दोन आले. बाकीचे म्हणजे लहानपणी कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, बीपी, शुगर, लठ्ठपणा, सिगारेट, जास्त दारू, डोक्याला मार, बसून राहणं, डिप्रेशन, एकटेपणा आणि हवेचं प्रदूषण. हे सगळे धोके जगातून गेले असं धरलं तर सुमारे ४५% डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. आकडा मोठा आहे पण नीट समजून घ्या, तो अख्ख्या लोकसंख्येचा आहे, तुमच्या वडिलांचा नाही. त्यातही कानाचा आणि एलडीएलचा वाटा प्रत्येकी ७%, शिक्षण आणि एकटेपणा ५-५% आणि बीपी, शुगर फक्त २-२%, हे वाचून कोणी बीपीची गोळी बंद करू नये. हा जगाचा सरासरी हिशोब आहे, आणि आपल्याकडे मला रोज जे दिसतं त्यात बीपी आणि शुगर याच्या कितीतरी वर येतील असं माझं मत आहे, कारण आपल्याकडे बीपी असलेल्या निम्म्या लोकांना ते असल्याचं माहीतच नसतं आणि माहीत असलेल्यांतले बरेच "आता नॉर्मल आलंय" म्हणून गोळी सोडतात. अहो, नॉर्मल आलंय ते गोळीमुळे!

भारतापुरतं सांगायचं तर लासी-डॅड नावाचा देशभराचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये आकडे आले, साठीच्या पुढच्यांत ७.४% म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया. बायकांत ९%, पुरुषांत ५.८%. खेड्यांत ८.४%, शहरांत ५.३%. "खेड्यातली माणसं शुद्ध हवेत राहतात, त्यांना असले आजार होत नाहीत" हे जे आपण म्हणतो ते इथेच खोटं पडतं. खेड्यातल्या त्या पिढीच्या बाईला शाळा मिळाली नाही, बीपी कधी कोणी मोजलं नाही, चुलीचा धूर आयुष्यभर, मोतीबिंदू पिकून डोळा जायची वेळ येईपर्यंत कोणी नेलं नाही, मग आकडा वर जाणार नाही तर काय. शिक्षणाचं तर असं आहे की शाळेत, कामात, वाचनात मेंदूची जी मशागत होते तिची शिल्लक म्हातारपणी कामी येते, आतून तेवढाच बिघाड असला तरी शिकलेल्या माणसात तो उशिरा दिसतो.

पण कागदावर हे चौदा धोके सुटे सुटे असतात, घरात ते कधीच सुटे येत नाहीत. एकाचा हात धरून दुसरा येतो, आणि उपचार करणाऱ्याचं अर्धं काम म्हणजे ही रांग कुठून सुरू झाली ते शोधणं. एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एसटीत ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले एक काका, वय ७६. पस्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून कान गेलेले, हळूहळू गेले त्यामुळे कोणाच्या लक्षात नाही. पारावरच्या गप्पांत प्रश्न एक, उत्तर भलतंच, मग मंडळी हसायची. हसायची म्हणून काकांनी जाणं सोडलं. घरी टीव्ही मोठ्याने, त्यावरून सुनेशी रोज वाजायचं, शेवटी टीव्ही त्यांच्यासकट आतल्या खोलीत गेला. दिवसभर त्या खोलीत डुलक्या, मग रात्री झोप कुठून येणार, म्हणून कोणीतरी अल्प्राझोलामची गोळी लिहून दिली पंधरा दिवसांसाठी आणि ती मेडिकलमधून पुढे चार वर्षं चालू राहिली. प्रोस्टेटमुळे रात्री दोन-तीनदा उठायचे, एका रात्री गोळीच्या गुंगीत बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण दुसऱ्या रात्री सलाईन उपटून टाकली, "कंट्रोलरला सांगा गाडी लागली" म्हणून ओरडायला लागले, भिंतीवर माणसं दिसायला लागली. घरचे माझ्याकडे आले ते "बाबांना एका रात्रीत डिमेन्शिया झाला" असं म्हणत.

एका रात्रीत डिमेन्शिया होत नाही. याला डिलिरियम म्हणतात, आणि हे एक वाक्य तरी लक्षात ठेवा: तासा-दोन तासांत, दिवसा-दोन दिवसांत माणूस बरळायला लागला तर ती इमर्जन्सी असते, शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडलेलं असतं. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, शुगर उतरणं, लघवी तुंबणं, चार दिवस संडास न होणं, नवीन औषध किंवा जुनं औषध अचानक बंद होणं. काकांच्या बाबतीत सोडियम उतरलेलं होतं आणि हॉस्पिटलमध्ये अल्प्राझोलाम एकदम बंद झाली होती, कारण ती ते घेतात हे सर्जनला कोणी सांगितलंच नव्हतं, घरच्यांच्या लेखी ती "झोपेची साधी गोळी". दोन्ही निस्तरल्यावर आठ-दहा दिवसांत माणूस ताळ्यावर आला. पण डिलिरियम होऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका वाढलेला असतो हेही खरं, म्हणजे कानापासून निघालेली रांग फिरून मेंदूपर्यंत आलीच.

नंतर काय केलं ते सांगतो, त्यात भारी काही नाही. कानातला मळ काढला, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी केली, दोन्ही कानांना मशीन बसवलं, झोपेची गोळी काही महिने घेऊन थेंबाथेंबाने कमी केली, बाथरूममध्ये हँडल आणि रात्रीचा दिवा, बीपीची एक गोळी बदलली. काका पूर्वीसारखे झाले असं म्हणणार नाही, नवीन गोष्टी त्यांच्या अजून नीट लक्षात राहत नाहीत आणि तेवढा बिघाड आत आहेच, पण स्वतःचं स्वतः आवरतात, सकाळी पारावर जातात, हिशोब करतात.

कानाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमचे वडील "गप्प झालेत, बाहेर जात नाहीत, नावं विसरतात" हे वाचून माझ्या मनात पहिला संशय कानाचाच आला. नाव नीट ऐकूच आलं नाही तर ते विसरायचं कसं? घरात दोन माणसं समोरासमोर बोलताना कमी ऐकू येणारा माणूस ओठ आणि चेहरा बघून निभावून नेतो, फजिती होते ती लग्नाच्या हॉलमध्ये, कट्ट्यावर, फोनवर. मागच्या खोलीतून हाक मारून बघा, बायकी किंवा लहान पोराच्या आवाजाला जास्त गडबड होते का बघा. कमी ऐकू येण्याने मेंदूवर दोन बाजूंनी मार बसतो, एक म्हणजे सगळी ताकद शब्द ओळखण्यातच जाते, ते साठवायला काही उरत नाही, आणि दुसरं म्हणजे माणसं तुटतात. मशीनने फायदा होतो का यावर अमेरिकेत अचीव्ह नावाची ट्रायल झाली, २०२३ मध्ये निकाल आला. सगळे मिळून पाहिले तर तीन वर्षांत फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, म्हणजे वय जास्त, बीपी-शुगर वगैरे, त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८% कमी झाली. मशीन लावल्याने कोणाची स्मरणशक्ती परत येत नाही, पण धोक्यातल्या माणसाला ते न लावणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

मशीन घेतलं की महिन्याभरात ते कपाटात जातं हा सगळ्या घरांचा अनुभव आहे. कारण बहुतेकदा हेच की ऑनलाइन किंवा चष्म्याच्या दुकानातून स्वस्तातलं घेतलं, ते सगळेच आवाज सारखे मोठे करतं, भांडी पडली की डोक्यात घण बसतो. ऑडिओलॉजिस्टकडून ऑडिओग्रामप्रमाणे सेट करून घ्या, दोन-तीन वेळा ट्यूनिंगला परत जावं लागतं, आणि पहिले काही आठवडे फक्त घरात, शांत वेळी, एका माणसाशी बोलताना लावायचं, एकदम लग्नात लावून न्यायचं नाही. पैशाची अडचण असलेल्यांसाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, २०२४ मध्ये सुरू झाली, ६५ वर्षांपुढच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा गोष्टींसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात. चांगल्या मशीनला ते पुरत नाहीत हे उघड आहे, पण चष्म्याचं काम होतं. मोतीबिंदू असेल तर लांबवू नका, ऑपरेशन करून घेतलेल्यांत डिमेन्शियाचं प्रमाण न केलेल्यांपेक्षा सुमारे ३०% कमी होतं असं एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलंय.

मग औषधं. पुढच्या वेळी मिरजेला गेलात की सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करा, चालू, बंद, आयुर्वेदिक, शेजाऱ्याने दिलेल्या, सगळ्या. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, मुंग्या येतात किंवा झोपेसाठी दिलेलं अॅमिट्रिप्टिलिन, हात थरथरतो म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवी थांबत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, ही सगळी औषधं मेंदूतलं अॅसिटिलकोलीन दाबतात आणि तेच तर स्मरणशक्तीचं रसायन आहे. एक असेल तर निभावतं, तीन डॉक्टरांनी तीन दिली की माणूस भ्रमिष्ट दिसायला लागतो. शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्यावर रोज सकाळी अॅसिडिटीची पँटोप्राझोल आणि घर शाकाहारी, असं त्रिकूट दिसलं की मी न विचारता बी-१२ करायला सांगतो, तिन्हींमुळे ते कमी पडतं. बीपीसाठी पाणी काढणारी गोळी आणि डिप्रेशनसाठी एसिटालोप्राम एकत्र असतील तर सोडियम तपासा, दोन्हींनी ते उतरू शकतं. आणि शुगरच्या जोरदार गोळ्यांवर असलेली, कमी जेवणारी म्हातारी माणसं पहाटे शुगर उतरून बडबडतात, घामाने भिजतात, घरचे म्हणतात स्वप्न पडलं. सत्तरीच्या पुढे शुगर फार ओढून खाली आणायच्या भानगडीत पडू नये, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) साडेसात-आठच्या आसपास असलं तरी अनेकांना चालतं, तुमच्या डॉक्टरांशी बोला. मात्र यातली कुठलीही गोळी, विशेषतः झोपेची, स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते.

आता डिप्रेशन. म्हातारपणी डिप्रेशन आलेला आपला माणूस "मला उदास वाटतंय" असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो अंगात त्राण नाही, पोटात गुबारा धरलाय, तोंडाला चव नाही, डोकं बधिर झालंय, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मग पोटाचा डॉक्टर, दुर्बीण, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल, आणि घरचे म्हणतात "यांना काही झालेलं नाही, उगाच करतात". याचे धोके डिमेन्शियाच्या यादीइतके छापून येत नाहीत पण ओपीडीत अगदी स्पष्ट दिसतात: जोडीदार जाणं (पुरुषांना हे जास्त जड जातं, बायका रडून, बोलून, चार घरी जाऊन सावरतात), गुडघ्यासारखं रोजचं दुखणं, लकवा, पार्किन्सन, हार्ट अटॅकनंतरचे महिने, पैशासाठी हात पसरावा लागणं, जमिनीची वाटणी, गावचं घर बंद करून मुलाच्या फ्लॅटमध्ये सातव्या मजल्यावर येणं जिथे खाली ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. आणि घरात होणारी हेळसांड, अपमान, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वर्षभरात सहातल्या एका वृद्धाला कुठल्या ना कुठल्या प्रकारे हे सोसावं लागतं. हे पेशंट स्वतःहून कधीच सांगत नाहीत, मुलाची बदनामी नको म्हणून.

डिप्रेशनने विसरायला होतं, आणि डिप्रेशन हा स्वतः डिमेन्शियाचा धोकाही आहे, शिवाय साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच डिप्रेशन आलं तर कधी कधी ती डिमेन्शियाचीच सुरुवात असते. म्हणून उपचार करायचे आणि सहा महिने-वर्षभर लक्ष ठेवायचं, शिक्का मारायची घाई करायची नाही. ढोबळ फरक असा की डिप्रेशनवाला स्वतः येऊन सांगतो "डॉक्टर, मला काही आठवत नाही हो", डिमेन्शियावाल्याला घरचे आणतात आणि तो म्हणतो "मला काय धाड भरलीय?" "मी ओझं झालोय", "आता सुटलो तर बरं" असं कोणी बोलत असेल तर बोलणं उडवून लावू नका, सरळ विचारा की जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, विचारल्याने डोक्यात येत नाही. शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.

तुमच्या आईबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, "चिडचिड करते". मला त्या घरात दोन पेशंट दिसतायत. ६८ वर्षांची बाई, दिवसभर कमी ऐकू येणाऱ्या आणि न बोलणाऱ्या माणसाबरोबर एकटी, तीच गोष्ट चार वेळा ओरडून सांगायची, औषधं तिने द्यायची, बँकेचं तिने बघायचं, आणि मुलाने फोन केला की पहिला प्रश्न "बाबा कसे आहेत?" तिचं बीपी कधी मोजलंय? झोप किती? मिश्री लावते का? सांभाळणाऱ्या माणसाला डिप्रेशन येण्याचं प्रमाण फार मोठं आहे आणि आपल्याकडे सांभाळणारी म्हणजे बायको, नाहीतर सून. तिला आठवड्यातून काही तास सक्तीने घराबाहेर पाठवायची सोय करा, पैसे देऊन माणूस ठेवावा लागला तरी.

एकटेपणाबद्दल लोक विचारतात की आमच्याकडे तर भरलेलं घर आहे, मग एकटेपणा कसा? घरात सात माणसं आणि सातही मोबाईलमध्ये असली तरी म्हातारा एकटाच की. मला विचाराल तर भजनी मंडळासारखी गोष्ट कुठल्याही ब्रेन-ट्रेनिंग अॅपपेक्षा सरस आहे: देवळापर्यंत चालणं होतं, पाठ अभंग आठवावे लागतात, दुसऱ्याच्या आवाजाकडे कान द्यावा लागतो, आणि गुरुवारी गेलं नाही तर कोणीतरी विचारायला घरी येतं. ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, भिशी, नातवाला शाळेतून आणणं, काहीही चालेल, फक्त तिथे आपली वाट बघणारं कोणीतरी हवं. अमेरिकेतल्या मुलांचा रविवारचा व्हिडिओ कॉल चांगलाच, पण त्यात आईबाप तोंडभर हसून "आम्ही मजेत" म्हणतात, त्यावर विसंबू नका.

अक्रोड खा, बदाम खा, काही वाईट नाही, पण फक्त त्याने डिमेन्शिया टळला असं कोणी सिद्ध केलेलं नाही. ब्राह्मीचे अभ्यास लहान लहान आहेत, त्यावर डिमेन्शिया टळतो असा दावा करता येत नाही. गिंकोवर तर तीन हजारांवर वृद्धांची मोठी ट्रायल २००८ मध्ये झाली, डिमेन्शिया अजिबात कमी झाला नाही, तरी त्याच्या महागड्या कॅप्सूल खपतायत. सुडोकूने सुडोकू चांगलं यायला लागतं. त्यापेक्षा नवीन काही शिकणं बरं. फिनलंडमध्ये फिंगर नावाची ट्रायल झाली, १,२६० लोक, वय ६० ते ७७, दोन वर्षं खाणं, व्यायाम, बुद्धीचे व्यायाम आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र केलं, तेव्हा त्यांची बुद्धीची कामगिरी दुसऱ्या गटापेक्षा चांगली राहिली. एकत्र केलं, हे महत्त्वाचं. आणि मीठ, आपल्या ताटातलं लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, यावर मी पेशंटशी रोज भांडतो आणि रोज हरतो.

तुमचं स्वतःचं ४३ हे वय खरं तर सगळ्यात मोलाचं आहे, कारण बीपी, एलडीएल, शुगर, वजन या गोष्टी पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे सर्वांत जास्त नुकसान करतात. स्प्रिंट-माइंड या २०१९ च्या अमेरिकन अभ्यासात बीपी जास्त कडक ठेवलेल्या गटात डिमेन्शियाच्या आधीची पायरी १९% कमी झाली. बीपी मोजा, लिपिड करा, मोठ्याने घोरत असाल तर झोपेची तपासणी करा, दारू "फक्त वीकेंडला" म्हणजे किती ते एकदा खरं खरं मोजा. आणि हेल्मेट. पुणेकरांशी हेल्मेटवर बोलायचं नसतं हे मला माहीत आहे, पण डोक्याला जबर मार हा त्या चौदांतला एक आहे.

आता वडिलांना नक्की काय झालंय हे इथून मी सांगू शकत नाही, पण घरी काय बघायचं ते सांगतो. नाव विसरलं आणि तासाभराने आठवलं, चष्मा कुठे ठेवला विसरलं, हे वयाचं. दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न, रोजच्या रस्त्यावर चुकणं, आयुष्यभर व्यवहार केलेल्या माणसाला सुट्ट्या पैशांचा हिशोब न जमणं, किंवा शांत माणूस अचानक शिवराळ होणं, हे तपासायचं. तारीख-वार विचारून फारसं कळत नाही, रिटायर माणसाला सगळे वार सारखेच, मी विचारतो आता कुठला मराठी महिना चाललाय, गेला सण कुठला झाला, भाजीवालीला पाचशेची नोट दिली, १८० ची भाजी झाली, परत किती. उत्तरापेक्षा उत्तर देताना काय होतं ते जास्त बघतो. प्रत्येक प्रश्नाला मान वळवून बायकोकडे बघणारा पेशंट मला बरंच काही सांगून जातो.

पुढचं काम क्रमाने करा. आधी कान आणि डोळे. मग आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवा, उभं राहिल्यावरचं पण एकदा मोजा. रक्तात सीबीसी, शुगर, क्रिएटिनिन, सोडियम, कॅल्शियम, थायरॉइडची टीएसएच, बी-१२. हे सगळं आणि गोळ्यांची पिशवी घेऊन फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट, जो जवळ असेल त्याच्याकडे जा, सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग असतो, तिथेही चालेल. सीटी किंवा एमआरआय लागेल का ते ते ठरवतील, पण गेल्या दोन-तीन महिन्यांत पडले असतील, डोकं दुखत असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे आधी सांगा, मेंदूवर हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं आणि ते काढता येतं. विसरण्याबरोबर पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि कपड्यात लघवी असं तिन्ही असेल तर तेही सांगा, त्याचंही काही जणांत ऑपरेशनने बरं होतं. रात्री-अपरात्री मनाच्या त्रासासाठी बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मराठीतही चालतो, ज्येष्ठांच्या बाकी अडचणींसाठी १४५६७.

तपासायला जाताना आईला बरोबर न्या, कारण दिवसरात्र तीच बघते, तुम्हाला महिन्यातून दोन दिवसांचं दिसतं. आत गेल्यावर वडिलांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही देऊ नका, मुलं हे हमखास करतात. आणि डॉक्टरांना सांगून पाच मिनिटं वडिलांना एकट्याला, आईला एकटीला बोलू द्या, पैशाचं, घरातल्या भांडणाचं आणि मरणाचं बोलणं बहुतेक वेळा त्याच पाच मिनिटांत निघतं.